देवदर्शन नव्हे, मैदानदर्शन!

"मैदानं बघायला ट्रिप? तिथं देऊळ तरी आहे का एखादं?" आमच्या बचत गटातल्या एकीच्या सासूबाईंनी विचारलं. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या चांदीपहून बायकांची गाडी निघते ती विरारच्या जीवदानीला, नाही तर वज्रेश्वरीला. देवीचं नाव घेतलं की परवानगी लगेच मिळते. नुसतं हिंडायला जाते म्हटलं, की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या!

या खेपेला मात्र आम्ही नऊ जणी आणि पाच मुली हट्टाने निघालो. शिरसाड फाट्यावरून हायवेला लागलो, ते थेट चर्चगेट. वानखेडे आणि ब्रेबॉर्न ही दोन्ही स्टेडियम तिथं हाकेच्या अंतरावर आहेत. 2013 साली महिलांच्या वर्ल्ड कपचे सामने वानखेडेवर ठरले होते. पण रणजीची फायनल तिथं आली आणि बायकांचे सामने ब्रेबॉर्नवर हलवले गेले. घरात पाहुणे आले की आधी कोणाची खोली रिकामी होते, हे मैत्रिणींनो, आपल्याला का वेगळं सांगायला हवं?

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून डबे खाल्ले आणि संध्याकाळी नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम गाठलं. मॅच नव्हती, म्हणून बाहेरूनच पाहिलं. तरी अंगावर काटा आला. याच मैदानात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. याच मैदानात 2 नोव्हेंबर 2025 ला हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून आपल्या मुलींचा पहिला वर्ल्ड कप जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधनाही होती.

रात्री एकीच्या बहिणीच्या सोसायटीतल्या हॉलमध्ये पथारी पसरली. सकाळी खंडाळ्याचा घाट चढून, दरीतलं धुकं डोळे भरून पाहून गहुंजेचं स्टेडियमही बघून आलो.

परतीच्या वाटेवर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, मग आपण कुठे खेळायचं?" गाडीत सगळ्या गप्प झाल्या. गावातल्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी मुलगेच खेळतात. मुली कडेला उभ्या राहतात आणि दिवेलागणीच्या आत आपणच त्यांना घरात बोलावतो. त्यांना कुणी हाकलत नाही हे खरं, पण 'या, खेळा' असंही कुणी म्हणत नाही. वर्ल्ड कपच्या रात्री टाळ्या वाजवणारे हात आपलेच, आणि 'भाकऱ्या कोण थापणार?' म्हणणारं तोंडही आपलंच!

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत ठरवलंय. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती जागा मुलींची, आणि आमच्यातल्या दोघी तिथं जाऊन बसणार. देवीला जरूर जाऊ या. पण वर्षातून एखादी ट्रिप मुलींना घेऊन अशीही काढा. आणि घरी परतल्यावर त्यांच्या हातात आधी बॅट द्या. लाटणं काय, ते पुढे आहेच!