महासंगणकाची खरेदी आणि आज्ञावलींची डागडुजी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. त्यांवर सुमारे १३० कोटी रुपये खर्च झाले होते. त्याच दिवशी हवामानाच्या अभ्यासासाठी पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ ही सुमारे ८५० कोटी रुपयांची संगणकव्यवस्थाही राष्ट्राला अर्पण करण्यात आली. यंत्रांचा वेग किती, किंमत किती, त्यांत देशी बनावटीचा भाग किती, याची चर्चा वृत्तपत्रांतून यथासांग झाली, आणि ती होणे योग्यही होते. परंतु या यंत्रांवर जे गणित चालावयाचे त्याच्या तळाशी असलेल्या आज्ञावली कोणी लिहिल्या, त्या आज कोण सांभाळतो आणि त्या श्रमांचा मोबदला कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात आला नाही. तो प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर असे की, बहुतांशी तो कोणत्याच शीर्षाखाली पडत नाही.

अर्थशास्त्राच्या इतिहासातील एका उदाहरणाने विषयाची ओळख करून घेऊ. १९४९ साली वासिली लिओन्टिएफ यांनी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे ५०० उद्योगविभाग पाडून कोणता उद्योग कोणाकडून काय घेतो याची समीकरणे मांडली. हार्वर्डच्या ‘मार्क-२’ या यंत्राला ५०० समीकरणे पेलणारी नव्हती, म्हणून ती ४२ वर आणावी लागली, आणि त्या ४२ समीकरणांच्या उकलीला यंत्राने ५६ तास घेतले असे सांगतात. याच कामगिरीसाठी लिओन्टिएफना पुढे, १९७३ साली, नोबेल पारितोषिक मिळाले. आज महाविद्यालयातला विद्यार्थी तसली समीकरणे साध्या संगणकावर निमिषार्धात सोडवितो. या प्रगतीचे श्रेय आपण सरसकट यंत्राला देतो. ते अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. १ हजार ओळी व १ हजार स्तंभ असलेल्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार नेहमीच्या रीतीने करावयाचा तर सुमारे २०० कोटी बेरजा-गुणाकार करावे लागतात. पुस्तकातली रीत जशीच्या तशी संगणकाला सांगितली तरी उत्तर बरोबर येते. पण यंत्राची बहुतेक शक्ती वाया जाते. कारण यंत्राला गुणाकाराला वेळ लागत नाही, आकडे स्मृतीतून आणण्याला लागतो. कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे कळेल. दप्तरखान्यातून एकेक कागद आणून त्यावर शेरा मारून परत ठेवणारा कारकून, आणि लागणारा गठ्ठा एकदाच टेबलावर आणून त्यातील सर्व काम उरकणारा कारकून, यांच्या कामाच्या गतीत जो फरक पडतो तोच येथे पडतो, आणि तो अनेकदा दहापटींहून अधिक असतो. टेबल केवढे, कपाट किती दूर, गठ्ठा केवढा बांधावा, हे प्रत्येक यंत्रात निराळे असते. म्हणून ही मांडणी प्रत्येक यंत्रासाठी नव्याने, पुष्कळदा हाताने, करावी लागते.

येथे ‘लायब्ररी’ अवतरते. संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. पुन्हापुन्हा लागणाऱ्या गणिती कृत्यांच्या तयार आज्ञावलींचा तो संग्रह होय. १९७९ साली ‘ब्लास’ या नावाने अशा मूलभूत कृत्यांची नावे व मागणीची पद्धत ठरविली गेली. त्यामागील कल्पना साधी होती. शास्त्रज्ञाने आपल्या आज्ञावलीत ठरलेल्या नावाने मागणी नोंदवावी. ती कशी पुरवावयाची हे त्या त्या यंत्राची लायब्ररी पाहील. यंत्र बदलले की लायब्ररी बदलावी, शास्त्रज्ञाचे लिखाण बदलू नये. यालाच वहनीयता म्हणतात. त्याच वर्षी ‘लिनपॅक’ हा समीकरणे सोडविण्याचा संग्रह ब्लासच्या पायावर उभा राहिला. १९८५ साली ‘नेटलिब’ सुरू झाल्यावर ई-मेलने मागणी पाठविली की हव्या त्या आज्ञावली उलट ई-मेलने विनामूल्य मिळू लागल्या. ‘मुक्तस्रोत’ हा शब्द तेव्हा रूढ व्हावयाचा होता. व्यवहार मात्र अगोदरच चालू झाला होता.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूची जी लक्षणे सांगतात ती या लायब्ररीला तंतोतंत लागू पडतात. एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि कोणाला वगळता येत नाही. तथापि तिचे आणखी एक लक्षण आहे, त्याकडे पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. रस्ता वापराने झिजतो. ही वस्तू वापराने तसूभरही झिजत नाही. पण कोणी हात न लावता ती निकामी होते, कारण तिच्याखालची जमीन सरकत असते. लिनपॅकचे हेच झाले. १९८० च्या दशकात यंत्रांच्या स्मृतीची रचना पायरीपायरीची झाली. लिनपॅकमधील एकही ओळ चुकीची ठरली नव्हती, तरी नव्या यंत्रांवर ते संथ ठरले. मग गठ्ठ्याने काम करण्याच्या पद्धतीवर सारे पुन्हा लिहावे लागले, आणि १९९२ साली ‘लॅपॅक’ प्रसिद्ध झाले. अनेक यंत्रे जोडून काम करण्याची रीत आली तेव्हा पुन्हा निराळे लिखाण, चित्रप्रक्रियेसाठी निघालेल्या जीपीयू चिपा गणिताला जुंपल्या गेल्या तेव्हा पुन्हा निराळे. या साऱ्या कामात अग्रभागी असलेले जॅक डोंगारा यांना २०२१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. डागडुजीला एवढा मान मिळाल्याचे उदाहरण विरळाच.

काझुशिगे गोटो यांची हकीकत अधिक बोलकी आहे. हे गृहस्थ जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीस होते. त्यांनी प्रत्येक चिपेच्या स्वभावाचा अभ्यास करून, यंत्राच्या जवळच्या भाषेत, हाताने ब्लासची अशी आवृत्ती लिहिली की भल्या भल्या कंपन्यांच्या आज्ञावली मागे पडल्या. पुढे टेक्सास विद्यापीठात त्यांनी हे काम केले. २०१० च्या सुमारास ते विद्यापीठ सोडून गेले आणि काम थांबले. नव्या चिपा बाजारात येत राहिल्या. त्यांचा स्वभाव ओळखणारा हात उरला नव्हता. सुदैवाने शेवटची आवृत्ती मुक्त परवान्याखाली होती. त्यामुळे चिनी विज्ञान अकादमीतील एका गटाला २०११ साली तीच पुढे नेता आली, आणि ‘ओपनब्लास’ जन्मास आली. परवाना बंद असता तर अनेक वर्षांच्या साधनेचे फळ एका राजीनाम्याबरोबर अडकून पडले असते. आज विज्ञान व विदाविश्लेषण यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘नमपाय’बरोबर ओपनब्लास येते, ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेलाही ती जोडता येते. आपल्या महाविद्यालयांतून नमुना पाहणीचे आकडे घेऊन बसणारा विद्यार्थी नकळत तिचाच लाभार्थी असू शकतो. तरीही ती सांभाळणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहे.

काही वाचक विचारतील की, चिप विकणाऱ्या कंपन्या स्वतःच्या लायब्रऱ्या फुकट देतात, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या लायब्रऱ्या उत्तम असतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु फुकट देणाऱ्याचा हेतू चिप विकण्याचा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००९ मध्ये इंटेलवर जी तक्रार दाखल केली तिच्यात, कंपनीची भाषांतरक प्रणाली प्रतिस्पर्ध्यांच्या चिपांवर आज्ञावली संथ चालविते, असाही आरोप होता. २०१० साली तडजोड झाली तेव्हा ही बाब ग्राहकांना उघड करण्याची अट कंपनीने स्वीकारली. आज जीपीयूंच्या क्षेत्रात एनव्हिडियाच्या ‘कुडा’ प्रणालीत लिहिलेले काम दुसऱ्याच्या चिपेवर नेणे किती जिकिरीचे आहे हे त्या क्षेत्रातील लोक जाणतात. ग्राहकाला दुकान बदलता येत नाही तेव्हा भाव कोण ठरवितो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अमेरिकन सरकारने या धोक्याची जाणीव ठेवली, असे म्हणावे लागेल. तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळांनी महासंगणक घेताना एकाच विक्रेत्यावर भिस्त ठेवली नाही: ‘समिट’मध्ये एनव्हिडियाचे, ‘फ्रंटियर’मध्ये एएमडीचे, ‘ऑरोरा’त इंटेलचे जीपीयू. ही निवड परवडण्याचे एक कारण म्हणजे सँडिया प्रयोगशाळेत तयार झालेली ‘कोक्कोस’सारखी मुक्तस्रोत लायब्ररी. (कोक्कोस म्हणजे ग्रीक भाषेत दाणा.) तिच्या आधारे शास्त्रज्ञाने एकदा लिहावे आणि ते तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालावे, अशी योजना आहे. या व अशा अनेक लायब्रऱ्यांना २०१६ पासून सुमारे सात वर्षे चाललेल्या ‘एक्झास्केल’ प्रकल्पातून पैसा मिळाला. प्रकल्प संपत आला तसा तोच जुना प्रश्न उभा राहिला: प्रकल्प संपतो, लायब्ररी संपत नाही, उद्याचा पगार कोण देणार? २०२४ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली यासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन करावी लागली. तिकडेही हा प्रश्न सुटला आहे असे नव्हे. तो प्रश्न आहे, एवढे मान्य झाले आहे.

सांभाळणाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते याचे उदाहरण वेगळ्या क्षेत्रातले, पण ताजे आहे. ‘एक्सझेड’ या माहितीचा संकोच करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा भार एकच थकलेला माणूस वाहत होता. कोणी एक अज्ञात व्यक्ती दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरली, विश्वास संपादन केला आणि तिने आत चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले आणि तो मागे लागला, म्हणून अनर्थ टळला. जगाची सुरक्षितता एका चिकित्सक माणसाच्या अर्ध्या सेकंदावर विसंबून राहावी, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला, हा मराठी वाचकाला अभिमानाने ठाऊक असलेला इतिहास आहे. त्याचा कमी सांगितला जाणारा भाग असा की, तो महासंगणक ‘ट्रान्सप्युटर’ या ब्रिटिश चिपांवर उभा होता, आणि त्या दशकातच ती चिप इतिहासजमा झाली. पुढचे ‘परम’ निराळ्या चिपांवर बांधावे लागले. ट्रान्सप्युटरच्या रचनेला चिकटून लिहिलेले काम नव्या यंत्रावर तसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. ते पुन्हा लिहिणे क्रमप्राप्त होते. यंत्रांमधील संवादाचा ‘एमपीआय’ हा सर्वमान्य संकेत १९९४ साली आला, त्यानंतर हा जाच पुष्कळ कमी झाला. वहनीयतेची किंमत काय असते हे पुण्याइतके भारतात दुसऱ्या कोणत्या शहराने अनुभवले असेल असे वाटत नाही.

म्हणूनच २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर झाली तेव्हा यंत्रांइतकाच विचार आज्ञावलींचा होईल, ही अपेक्षा अवास्तव नव्हती. मोहिमेत मनुष्यबळ व उपयोजन यांचाही अंतर्भाव होता, हे नमूद केले पाहिजे. पण लोकार्पण यंत्राचे होते. भांडवली खर्चाची कोनशिला बसविता येते, डागडुजीची बसविता येत नाही. धरण बांधून चाऱ्यांतला गाळ तसाच ठेवणाऱ्या राज्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. शिवाय मद्रासच्या आयआयटीची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ या देशी चिपा आज लहान कामांसाठी असल्या, तरी उद्या त्यांच्या वंशजांना महासंगणकात बसवावयाचे असेल, तर त्यांच्या स्वभावाला जुळणारे गणिताचे मूळ गाभे कोणाला तरी हाताने लिहावे लागतील आणि ते मुक्त लायब्रऱ्यांत दाखल करून वर्षानुवर्षे सांभाळावे लागतील. ते काम परदेशी स्वयंसेवक आपल्यासाठी करतील असे गृहीत धरणे हे स्वदेशीचे मोठे विचित्र रूप होईल.

विद्यापीठांचीही यात जबाबदारी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापकाच्या संशोधनाचे गुणांकन आहे. शोधनिबंधाला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, पेटंटाला आहेत. शेकडो संशोधकांना उपयोगी पडणाऱ्या आज्ञावलीतील दोष पाच वर्षे निमूटपणे दुरुस्त करणाऱ्याला त्यांत रकाना नाही. परिणामी हुशार तरुण नवी, अर्धवट लायब्ररी लिहून तिच्यावर निबंध छापतो आणि पुढच्या निबंधाकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; तो प्रोत्साहनाप्रमाणे वागतो आहे.

बाहेर काही बरे पायंडे पडले आहेत. अमेरिकेतील चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हने २०१९ मध्ये नमपाय आणि ओपनब्लासला एकत्र अनुदान दिले. जर्मन सरकारने अशाच मूलभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी २०२२ पासून स्वतंत्र निधी चालविला आहे. बंगळूरच्या झिरोधा या शेअरदलाली कंपनीने २०२४ साली मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. एका खाजगी कंपनीला जे सुचले ते सरकारला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. अर्थात दात्यांच्या औदार्यावर सार्वजनिक वस्तू फार काळ चालत नाही.

शाळागृहांची छपरे गळत असताना आज्ञावलींसाठी पैसा मागणे कोणाला चैनीचे वाटेल. परंतु येथे नवा पैसा मागितलेला नाही. महासंगणकाच्या प्रत्येक खरेदीबरोबर तिच्या किमतीचा १ टक्का, तो ज्या मुक्त लायब्रऱ्यांवर चालणार त्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, एवढेच सुचवावयाचे आहे. ‘परम रुद्र’च्या १३० कोटींवर हा हिशेब केला तर १ कोटी ३० लाख रुपये होतात. तेवढ्यात दहा-बारा जाणत्या माणसांचे एका वर्षाचे वेतन निघते. तशी माणसे पुण्यात दुर्मिळ नाहीत. त्यांच्या नेमणुकीची टिप्पणी कोणत्या खात्याने मांडावयाची, एवढे आधी ठरावयास हवे.