पिस्तुलात गोळी अडकतेय? रॅम्प घासण्याआधी बग शोधा

प्रोडक्शनमध्ये बग आला की लॉग न बघता थेट कोड बदलणारा एक तरी जण प्रत्येक टीममध्ये असतो. अमेरिकेतल्या पिस्तूलमालकांमध्येही तो भेटतो. काडतूस एकदा अडकलं की गडी घरच्या टेबलावर रोटरी टूल घेऊन फीड रॅम्प आरशासारखा चमकवायला बसतो. चकाकी येते, पण दुरुस्ती होते का?

फीड रॅम्प म्हणजे काय?
मॅगझिन आणि चेंबर यांच्यामधला छोटा उतार. स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते आणि त्याचं टोक या उतारावरून चढून चेंबरमध्ये शिरतं.

हा सल्ला आला कुठून?
जॉन ब्राउनिंग यांचं पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलं, ते २३० ग्रेनच्या गोल टोकाच्या गोळीसाठी. पुढे रुंद, पोकळ तोंडाच्या हॉलो पॉइंट गोळ्या आल्या आणि जुन्या रॅम्पवर अडखळू लागल्या. तेव्हा घासण्यात अर्थ होता. आजची बहुतेक पिस्तुलं अशा गोळ्या गृहीत धरूनच बनतात.

धोका कुठे आहे?
पॉलिश म्हणजे फक्त खरखर काढणं, उताराचा कोन बदलणं नव्हे. टूल जरा जास्त फिरलं की रॅम्पची वरची कड गोल होते आणि काडतुसाच्या पितळी केसला खालून मिळणारा आधार कमी होतो. ९ एमएमच्या काडतुसात कमाल दाब ३५,००० पीएसआय, म्हणजे कारच्या टायरच्या साधारण हजारपट! आधार नसलेलं पितळ तिथे फुगतं, कधी फाटतं, आणि गरम वायू मॅगझिनच्या वाटेने हाताकडे येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर रॅम्प असेल तर वरचा कठीण थर निघून खालचा मऊ धातू झिजायला लागतो. इथे ‘अनडू’ नाही. गेलेला धातू परत येत नाही.

मग डीबग कसं करायचं?
आधी स्वस्त गोष्टी, आणि एका वेळी एकच बदल. पिस्तूल साफ करा. मॅगझिनवर नंबर टाका आणि अडकणं एकाच मॅगझिनमध्ये होतं का ते बघा; वाकलेले ओठ आणि थकलेली स्प्रिंग हे नेहमीचे गुन्हेगार. मग गोळीचा प्रकार बदला. तरीही अडकलं तर कंपनी किंवा गनस्मिथ.

अमेरिकेत मालकाला स्वतःच्या पिस्तुलावर असं काम करायला केंद्रीय परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीसाठीही परवाना हवा. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवावं: कायदा परवानगी देतो, दाब माफी देत नाही.