संगणक बदलताना

घर बदलताना आपण डबे-बरण्या मोजून नेतो. संगणक बदलताना मात्र म्हणतो, ‘दुकानातला मुलगा करील सगळं.’ मीही तेच म्हटलं आणि थोडक्यात वाचले!

आमचा जुना संगणक विंडोज १० चा. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ काही त्या यंत्रावर बसेना. म्हणून नवा आणला.

सोय विचाराल तर नवा सरसच. जुन्याचं बटण दाबून मी कुकर लावून यायची, तेव्हा कुठे तो जागा व्हायचा. नव्यात फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे तो चटकन सुरू होतो. पण ‘स्टार्ट’चं बटण कोपऱ्यातून मधोमध आलेलं! आठवडाभर हात कोपऱ्यातच जायचा. मग कळलं, की खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबून सेटिंगमध्ये ते पुन्हा डावीकडे नेता येतं. मराठीही सेटिंगमधल्या भाषांत एकदा जोडली, की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल होते.

खरा धक्का पुढेच होता. सासूबाईंनी सांगितलेल्या मसाल्यांच्या, लोणच्यांच्या कृती मी नव्यानं लग्न झालं तेव्हा टंकून ठेवल्या होत्या. सासूबाई आता नाहीत. नव्या संगणकावर ती फाईल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! आणि जुना संगणक दुसऱ्याच दिवशी भंगारात जायचा होता. ह्यांना म्हटलं, “थांबा, आधी हे बघा.”

कारण साधं आहे. जुन्या फॉन्टमध्ये आत साठलेली अक्षरं इंग्रजीच असत, वर फक्त मराठीचा पोशाख. फॉन्ट नसला, की पोशाख उतरला! युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा २३२५, मग संगणक कुठलाही असो.

आम्ही जुन्यातला तो फॉन्ट नव्यात आणला, तेव्हा अक्षरं दिसू लागली. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. जोडाक्षरं मात्र एकेक तपासावी लागली, कारण बदलताना काही बिघडली होती.

तेव्हा एवढं कराच:
१. जुना संगणक निदान महिनाभर घरात ठेवा.
२. फाईली नुसत्या उतरवू नका, नव्यावर उघडून वाचा.
३. मोलाच्या मजकुराची पीडीएफ जुन्यावरच करून ठेवा आणि एक प्रत कागदावर छापा.
४. सीडी असतील, तर त्यांतलं आधीच उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला बहुधा सीडीची खाच नसते.

नव्याची सवय आठ-पंधरा दिवसांत होते हो. गेलेलं माणूस काही पुन्हा कृती सांगायला येत नाही.