वरच्या मजल्यावरचे छत आणि त्याचा खर्च

पाऊस सरला की गळक्या छताचा विसर पडतो. भिंतीवरची ओल सुकते, ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली पुन्हा न्हाणीघरात जाते आणि सोसायटीच्या सभेत हा विषय ‘पुढे पाहू’ या शेऱ्यासह मागे पडतो. आपल्या सहकारी चळवळीत सर्वाधिक वेळा संमत झालेला ठराव बहुधा हाच असावा! वस्तुतः निर्णय घेण्याचा काळ दिवाळी ते होळी हाच आहे. गच्ची कोरडी असते, कारागीर मिळतात आणि सिमेंटचे काम पुरेसे मुरवायला उसंत असते.

शिरगाव, कात्रप, आपटेवाडी या बदलापूर पूर्वेच्या भागांत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती पुष्कळ आहेत. तरुणपणी जिने सहज चढणारी पिढी त्यांच्या वरच्या मजल्यांवर आता वृद्ध झाली आहे. अशाच एका घरातील सूनबाईंनी विचारले आहे : सासऱ्यांना दम्याचा विकार, त्यांच्याच खोलीचे छत पाझरते आणि सोसायटीचे म्हणणे असे की छत तुमच्या डोक्यावर आहे, तेव्हा खर्चही तुम्हीच करावा. हे बरोबर आहे काय?

बरोबर नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती, गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती आणि त्या गळतीमुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान या सर्वांचा खर्च संस्थेने करावयाचा आहे. गच्ची सर्वांची, म्हणून खर्चही सर्वांचा. तळमजल्यावरच्या सभासदाला हे पटणे जड जाते, हे मान्य. परंतु छतात मुरलेले पाणी वरच्या मजल्यावर थांबत नाही. ते स्लॅबमधील सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजून फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. मे २०२१मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. वरचा स्लॅब खालच्यांना सोबत घेऊनच खाली येतो.

आता पैशांकडे वळू. उदाहरणादाखल सोळा घरांची इमारत आणि ३,००० चौरस फुटांची गच्ची घ्या. दर जागेनुसार व पद्धतीनुसार बदलतात, पण हिशेबासाठी चौरस फुटाला १०० रुपये धरले तर ३ लाख रुपये होतात. एका निवृत्त जोडप्यावर हा भार टाकला तर आयुष्यभराच्या ठेवीला हात लावावा लागेल, आणि ती ठेव औषधपाण्यासाठी राखलेली असते. तेच सोळा घरांत समान वाटले तर प्रत्येकी १८,७५० रुपये. याच उपविधींत दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी सांगितली आहे. बांधकाम खर्च ६ लाख धरल्यास दोन्ही मिळून महिन्याला ५०० रुपये होतात. दहा वर्षांत सोळा घरांचे ९ लाख ६० हजार जमले असते. ‘मेंटेनन्स कमी’ म्हणून ज्या सोसायटीचे कौतुक होते, तिथे ही रक्कम जमा झालेली नसते. तिची किंमत वरच्या मजल्यावरचे वृद्ध आपल्या छातीने मोजत राहतात.

छातीने म्हणण्यास कारण आहे. ओल आली की बुरशी येते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत जातात. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत खोकला, धाप आणि दम्याचे प्रमाण वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. दमेकरी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि मधुमेही यांनी तर अशा खोलीत झोपूच नये. बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये. ओल्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून पुसावी, आणि हे काम रुग्णाने स्वतः करू नये. दुसरी बाजू उन्हाळ्याची. बदलापूर समुद्रापासून दूर, म्हणून मुंबईपेक्षा इथला उन्हाळा कडक आणि हिवाळ्यातील पहाट अधिक गार. दिवसभर तापलेला स्लॅब ती धग रात्री खोलीत सोडतो. वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी नकळत घटते. जलरोधक थरावर पांढरा परावर्तक लेप दिल्यास हा ताप बराच उतरतो. दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये तो आवर्जून मागावा.

कोटेशन वाचताना आणखी एक पाहावे. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा कोबा चढवणे स्वस्त भासते, पण स्लॅबवरचे ओझे वाढते. थकलेल्या इमारतीला ते सोसेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनीयरने सांगावे, कंत्राटदाराने नव्हे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचे तीन वर्षांतून एकदा करावे, असे उपविधी सांगतात. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची तर नगरपरिषदेची परवानगी आधी घ्यावी.

चाळीत किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जुने करडे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते अखंड असताना फारसा धोका नसतो. फोडले, कापले, भोके पाडली की त्यांचे तंतू हवेत उडतात, आणि त्यांपासून होणारा फुप्फुसांचा कर्करोग कित्येक दशकांनी प्रकट होतो. पत्रे पाण्याने भिजवून, न तोडता, सबंध उतरवावेत. तुकडे चुलीभोवती किंवा अंगणात रचू नयेत.

सूनबाईंनी आता सचिवांना लेखी अर्ज द्यावा, सोबत छताची छायाचित्रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी, पोच घ्यावी. संस्था हललीच नाही तर सहकारी न्यायालयाचा मार्ग आहे, परंतु ऐंशीच्या घरातील माणसाला तो लांबचा. म्हणून विशेष सर्वसाधारण सभेची मागणी आधी करावी आणि तळमजल्यावरच्या एखाद्या सभासदाला एकदा वरच्या खोलीत चहाला बोलवावे. तोवर सासऱ्यांचा पलंग ओल्या छताखालून हलवावा, पंख्याचा हूक गंजला आहे का ते पाहून घ्यावे आणि ओल उतरलेल्या भिंतीतील विजेचे बटण वापरू नये. काम सुरू होईल तेव्हा तोडफोडीची धूळ आणि रसायनांचा वास असेल, तेवढे दिवस सासऱ्यांची सोय नातलगांकडे करावी आणि इनहेलर सोबत द्यावा.