निशाणी नांगराची, दस्तुर दुसऱ्याचा

शाळा सुटल्यावर एक म्हातारे शेतकरी घाटाखालून चिखलदऱ्यास आमच्याकडे आले. काखेत फडक्यात बांधलेले कागद होते. "मास्तर, हे कायचं कागद हाय ते वाचून द्या जी. नातवाले जातीचं सर्टिफिकेट पाह्यजे, अन् सायेब म्हन्ते सदुसष्टच्या आंधीचं काही आना." कागद मोडीत होता. आम्ही खिडकीशी बसून अक्षर लावले. त्यात म्हाताऱ्यांच्या आज्याचे नाव होते, आज्याच्या बापाचे नाव होते. जात, धंदा, अजमासे वय, राहण्याचे गाव, सर्व काही होते. वावराच्या चारी धुऱ्यांपलीकडे कोणाकोणाची वावरे होती, तेही होते. नातवाचे काम होण्याजोगा पुरावा होता. पण तो कागद होता कसला? तेच वावर सावकारास गहाण दिल्याच्या खताची नक्कल, कोणत्या तरी दाव्यात काढलेली! म्हाताऱ्यांनी ती देव्हाऱ्यामागे जन्मभर जपली होती, आपल्या कुळाची सनद समजून. खाली आज्याची सही नव्हती. "निशाणी नांगराची" एवढेच शब्द, आणि त्यापुढे दस्तुर म्हणून लिहिणाऱ्याचे नाव. नांगर आमचा, हात दुसऱ्याचा.

वाचकहो, वऱ्हाडातल्या पुष्कळशा शेतकरी व कारागीर घराण्यांचा लेखी इतिहास हा असा आहे. आमचे पूर्वज कागदावर आले ते बहुधा देणेकरी म्हणून आले.

आता दुसरी बाजू पाहा. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड इंग्रजांनी घेतला. पुढे १८२३ साली हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचे पठार "शोधून काढले", असे पुस्तके सांगतात. (कोरकू व गवळी तेथे आधीपासून गुरे चारीत होते, पण त्यांनी ते शोधले नव्हते, त्यांस ते ठाऊकच होते!) थंड हवेसाठी साहेब लोक वर येऊ लागले, बंगले झाले, कॉफीची झाडे लागली. अशा साहेबांपैकी कोणी हिंदुस्थानात मेला तर त्याचे मृत्युपत्र कचेरीत दाखल होई, मागे राहिलेल्या सामानाची यादी होई, लिलाव होई, आणि कोणत्या वस्तूचे किती आले याचा हिशेब विलायतेस जाई. ते दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहे, आणि त्यातील पुष्कळसे घरबसल्या पाहता येते. साहेबाच्या नातवाच्या नातवास आपल्या पूर्वजाचे खोगीर, खुर्च्या आणि चमचेसुद्धा मोजता येतात. ज्याने त्या साहेबाची पालखी घाटातून वर चढविली त्याच्या नातवास मात्र आज्याचे नाव शोधताना तालुक्याचे हेलपाटे पडतात. हा काही दैवाचा खेळ नव्हे. ज्याची मालमत्ता त्याचा कागद, आणि ज्याचा कागद त्याचा इतिहास, अशी ती व्यवस्था होती.

कागदाचा फास केवळ कुणब्याच्याच गळ्यात पडला असेही नाही. आमचा वऱ्हाड प्रांतच्या प्रांत कर्जापोटी गेलेला आहे! फौजेच्या खर्चाचे देणे थकले म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६० साली उरलेले ५० लाखांचे कर्ज माफ झाले, तरी वऱ्हाड काही परत गेला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झन याने वर्षाला २५ लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. ज्याच्या पदरी तोफा आणि मुत्सद्दी, त्या निजामाचे गहाण सुटेना. तेथे तिफणीमागच्या माणसाचे काय सुटणार? त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, वऱ्हाडच्या कापसास कधी न पाहिलेला भाव आला, सावकाराने थैली मोकळी सोडली. लढाई संपली, भाव उतरले, खते मात्र पेटीतच राहिली.

तरीही आम्ही म्हणतो की ही खते वाचा. का म्हणाल, तर या कागदांत आमच्याविषयी जेवढे लिहिले आहे तेवढे दुसरीकडे क्वचितच असेल. खत लिहिताना लिहून देणाऱ्याचे नाव, बाप, जात, धंदा, वय आणि गाव घालण्याचा रिवाज होता. पुढे चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याचे वावर, दक्षिणेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचे. म्हणजे तुमच्या आज्याने कधी खत केलेच नसेल, तरी शेजाऱ्याच्या खतात तो सीमेवर उभा सापडतो. घराच्या खतात सुतार, लोहार, कुंभार, तेली यांची घरे अशीच शेजार म्हणून येतात. ज्या कारागिराजवळ बिघाभर जमीन नव्हती त्यानेही निराश होऊ नये. खाली साक्षीदारांची नावे पाहावीत. गावच्या व्यवहारात साक्ष घालावयास आमचीच माणसे लागत. वाचता येत नसे, म्हणूनच ती बोलावणाऱ्यास सोयीची!

आणि बाया? वंशावळीत बाईचे नाव शोधून पाहा. बाप, आजा, पणजा, सगळे पुरुष. जणू सारे आकाशातून पडले. पण नवरा मेला, पोर लहान राहिले आणि सावकार दाराशी आला, की मग बाईचे नाव कागदावर येते. "अज्ञान पालन कर्ती आई अमुक", आणि खाली बांगडीची निशाणी. एवढ्या तीन शब्दांत एका विधवेने घर कसे तारले किंवा कसे बुडताना पाहिले, ते सारे साठवलेले असते. आम्ही असे कागद वाचून दाखवले तेव्हा मिशीवाले गृहस्थ डोळे पुसताना पाहिले आहेत.

मृत्युपत्रे, ज्यांस लोक विल म्हणतात, ती आमच्यांत थोडी. वडिलार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मानेच ठरे, बापास ती मन मानेल तशी लिहून देता येत नसे, आणि वाटणी पंचांसमोर तोंडीच होई. मग विल करणार कोण? ज्याची कमाई स्वतःची, किंवा ज्यास रूढीने ठरविलेला वारस नको, असा माणूस. अशा माणसांत आमचे जोतीराव फुले अग्रणी. १८७३ साली सत्यशोधक समाज काढणाऱ्या या पुरुषाने १८८७ साली आपले मृत्युपत्र केले, आणि काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला आपला दत्तक पुत्र यशवंत यास वारस नेमले. ज्या पोरास जगाने नाव द्यावयाचे नाकारले, त्यास माळ्याच्या घराने नाव दिले आणि तेही कागदोपत्री पक्के करून दिले! पटवारी आणि सावकार कागद कसा वापरतात हे "शेतकऱ्याचा असूड" लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक होते. म्हणून त्याने तेच हत्यार हाती घेतले. आमच्यातील कितीजणांनी हा धडा घेतला, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

कोणी म्हणेल, या खतांनी आमचा घात केला, त्यांची पूजा कशाला? खरे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुणे-नगरकडे गावोगावी खते हिसकावून जाळली. आम्ही त्यांस दोष देत नाही. ज्या कागदाने वावर जाते तो कागद हाती लागला तर चुलीतच जावयाचा. त्यांच्या धगीने सरकार जागे झाले आणि १८७९ साली तिकडे शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, खते अधिकाऱ्यासमोर लिहावीत अशी तजवीज झाली. पण आज ते कर्ज राहिले नाही, तो सावकारही गेला. उरला आहे तो नुसता कागद, आणि त्यात आमची माणसे आहेत. आज तो जाळणे म्हणजे आपल्या हाताने आज्याचे नाव पुसणे होय. आमच्या कित्येक घरांत वाळवीने हे काम चालविलेच आहे.

दुसरा एक रोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा म्हणताच बाजारात पुरावे विकणारे निर्माण झाले. कोणी जुन्या वहीत नवी शाई घालून देतो. कोणी दक्षिणा घेऊन थेट राजघराण्यापर्यंत वंशावळ नेऊन भिडवितो. पूर्वी हे काम भाट करीत, आता दलाल करितात. बनावट नोंद पडताळणीत सापडली म्हणजे पोराचा दाखला जातो, शिक्षण जाते, आणि दलाल दुसऱ्या गावी जातो. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत खरी नावे असतात हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या वह्यांत जो गंगेपर्यंत जाऊ शकला तोच आला. ज्याचा बैल मेला म्हणून जो शिवेबाहेर पडला नाही, तो तेथे कसा सापडेल? आणि देशमुखीच्या खोट्या वंशावळीपेक्षा नांगराची खरी निशाणी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

मोडीचेही तसेच. २०२३ साली सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यास नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांस हुडकावे लागले. ज्या लिपीत आमची जमीन गेली ती लिपी आमच्यांत कोणास येत नाही, ही लाजेची गोष्ट नव्हे काय? पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग भरविते. प्रत्येक मोठ्या गावातून दोन पोरे, आणि त्यांत एक पोरगी, पाठवावी. म्हणजे आजचा दस्तुर तरी आपला होईल.

ज्यांच्याजवळ गहाणखतही नाही त्यांचे काय? मेळघाटचा कोरकू पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतो. सरकारने रान राखीव ठरविले आणि तो आपल्याच घरात परका झाला. त्याचे खत नाही, विल नाही; सावकाराने त्याच्याशी व्यवहार केला तो बहुधा तोंडीच. त्याच्या मेलेल्यांची नोंद लाकडावर. सूर्य, चंद्र आणि घोड्यावरचा माणूस कोरलेला खांब, ज्यास मुंडा म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली: त्याखालच्या नियमांत गावच्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले सांगणे पुरावा ठरते, जुन्या विहिरी व दफनभूमी पुरावा ठरतात, आणि जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत लावलेली वंशावळही ठरते. मात्र एकावर भागत नाही, एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणून कोरकू म्हातारा बोलतो आहे तोवर त्याचे सांगणे लिहून घ्या. तो गेला की दप्तर गेले.

आता कागद मिळवावे कसे ते थोडक्यात. दस्तनोंदणीचा १९०८ चा १६ वा कायदा आजही चालू आहे. स्थावराच्या दस्तांचे पहिले पुस्तक आणि त्याची सूची ठरलेली फी भरून कोणासही पाहता येते आणि नक्कल मागता येते. त्यासाठी कोणाचा वशिला लागत नाही. मृत्युपत्रे तिसऱ्या पुस्तकात असतात. करणारा मेल्यावर त्याचीही नक्कल कोणी मागितली तरी द्यावी लागते. मात्र शंभर रुपयांच्या आतली स्थावराची विक्री नोंदविण्याची सक्ती नव्हती, म्हणून लहान माणसाचे नाव तेथे न मिळाल्यास खचू नये. कोतवाल बुकात जन्ममृत्यू पाहावेत. आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. ते आम्हां मास्तरांच्या कपाटात आहे, आणि मागणाऱ्यास "उद्या या" म्हणणारा मास्तर आमच्याच जातभाईंपैकी असतो, हेही येथे कबूल करतो. भटशाहीस शिव्या देऊन आपल्या खुर्चीतली भटशाही झाकत नाही.

एक कडू गोष्ट राहिली. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तेव्हापासून त्याच नोंदणी कचेरीत आमचे बांधव एक नवा कागद घेऊन रांगेत उभे दिसतात. त्याचे नाव हक्कसोडपत्र. अक्षय तृतीयेस बहिणीस माहेरी आणावे, साडीचोळी करावी, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून कचेरीत न्यावे. सावकार निदान काही रुपये तरी मोजून देत असे. आजा सावकारापुढे बसला तेव्हा कागदात काय लिहिले आहे हे त्यास कळत नव्हते, म्हणून आम्ही त्याच्यासाठी हळहळतो. बहिणीस मात्र प्रत्येक ओळ वाचता येते. तिची सही सुरेख, वळणदार असते. ती आमच्याच शाळेत शिकलेली असते.