"त्या बायका बघ" हे वाक्य आता पुरे



पहिलं बाळ येणार म्हटलं की घरी येणारी प्रत्येक पाहुणी एक वाक्य सोबत घेऊन येते. पाय सुजलेत म्हणा, उलट्या थांबत नाहीत म्हणा, रात्री भीती वाटते म्हणा, उत्तर ठरलेलं: "अगं, देवाचे उपकार मान. त्या कातकरी बायका बघ, शेतात राबता राबता बाळंत होतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. तुला काय कमी आहे?" मला सातवा महिना चालू आहे. उपकार मी मानतेच, रोज सामायिकाला बसताना मानते. पण हे वाक्य मला मान्य नाही. त्यात दोन बायकांची तोंडं एकदम बंद होतात. एक माझं, आणि एक जिचं नाव घेतलं तिचं.

आधी तिचं बघू. शहापूर-मुरबाडच्या बाजारात आपली दुकानं आहेत. पाड्यावरच्या बायका मीठ, तेल, चपला घ्यायला आपल्याच पायरीवर येतात. पैसे मोजून घेतो, पण कधी विचारलंय, बाई, कितवा महिना? कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दिवाळी झाली की घरं बंद करून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत राहतं, बाई भट्टीवर. अमृत आहार योजनेत शेवटच्या तीन महिन्यांत रोज एक वेळचं गरम जेवण मिळायला हवं, ते ताट गावात राहतं. रक्तवाढीच्या गोळ्याही तिथेच राहतात. आणि पावसाळ्यात, जिथे रस्ता पोचलेला नाही त्या पाड्यावरून, बांबूला चादर बांधून झोळी करतात. माणसं खांद्यावर घेऊन चिखलातून निघतात. दर पावसाळ्यात अशी बातमी पेपरात येते आणि आपण चहाबरोबर वाचतो. पुढे आरोग्य केंद्र, तिथून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, अवघड असेल तर ठाण्याकडे. कळा चालू असताना हा सगळा प्रवास.

तानसा आणि भातसा आपल्याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हंडा डोक्यावर असलेल्या बायकांत दिवस भरत आलेलीही असते. ती "काही बोलत नाही" याचं कारण सोशिकपणा नाही, तिला विचारणारं कोणी नाही. तिच्या नाइलाजाचं उदाहरण करून आपण आपल्या सुनांना गप्प करतो. अहिंसा म्हणणाऱ्या घरात हे शोभतं का?

आता माझं, म्हणजे तुमच्या सगळ्या लेकी-सुनांचं. पर्युषणात कल्पसूत्र आपण दरवर्षी ऐकतो. त्रिशलामातेची चौदा स्वप्नं आली की सगळ्या सावरून बसतात, स्वप्नांची बोली लागते. पण त्याच्या पुढचं आठवा. आईला त्रास नको म्हणून भगवान गर्भात हलायचे थांबले. त्रिशलामाता घाबरली, रडली, आपला गर्भ गेला असं तिला वाटलं. तेव्हा तिला कोणी म्हटलं का, की राणी आहेस, काय कमी आहे, उपकार मान? नाही. राजवाड्यातलं गाणं-बजावणं थांबलं. सगळं घर तिच्या दुःखात बसलं. आणि गर्भातल्या भगवानांनी तिचं दुःख जाणून हालचाल केली, आईवडील असेपर्यंत दीक्षा घेणार नाही असं ठरवलं. आईची भीती इतकी मोठी मानली गेली. त्याच सूत्रात ती गर्भाला मानवेल असं, ऋतूला धरून जेवत होती हेही आहे. तेव्हा उपासाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा भागसुद्धा ऐकावा.

आणि डॉक्टर आज काय सांगतात? शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात या. जिला सहा महिने "कुरकुर करू नकोस" शिकवलं, ती त्या रात्री सासूबाईंना उठवेल? की सकाळपर्यंत थांबेल? मला याचीच भीती वाटते. रक्ताचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ४५ हून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी निघालं. त्या सगळ्या पाड्यावरच्या नव्हत्या. आपल्या घरातली सून दमते तेव्हा तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघा, ११ च्या खाली आहे का ते. (गोळी चहाबरोबर घेऊ नका, हे जाता जाता.)

काकू म्हणतील, आम्ही धीर द्यायला बोलतो. मान्य. पण धीर द्यायचा तर शेजारी बसा, पाय चेपून द्या, "किती महिने झाले, काय होतंय" एवढं विचारा. दुसरीच्या हालांवर उभा केलेला धीर कशाला?

उपकार मानायचेच तर कोणाचे, हेही बोलू. आशाताई दारोदार फिरून गरोदर बाईची नोंद करते, वेळ आली तर रात्री गाडीत सोबत बसते. तिला नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या आशा आझाद मैदानावर बसल्या होत्या, तेव्हा आपल्यातल्या किती जणींना ते ठाऊक होतं? जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं हे तत्त्वार्थसूत्र सांगतं, आणि ते चिन्ह आपण लग्नपत्रिकेवर छापतो.

माझ्या डोहाळजेवणाला हॉल घ्यायचा नाही असं मी घरी सांगितलंय. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी खर्चाचा हिशेब त्यांनीच काढला. त्या पैशातून रात्री-अपरात्री पाड्यावरून बाई आणायला एक गाडी, डिझेल आणि ओळखीचा ड्रायव्हर, एवढं पावसाळाभर भागतं. १०२ आणि १०८ ची गाडी आहेच, पण ती पोचेपर्यंत मुख्य रस्त्यावर कोणी तरी उभं हवं. औषधदान आणि अभयदान आपल्याला कोणी शिकवायला नको. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. डोळखांब आणि टोकावडे बाजूच्या ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी तिथल्या आशाताईंचे नंबर घेऊन या. जून फार लांब नाही.