पाण्यातली घाण आणि सळईतलं लोखंड

चांदूर बाजारच्या आमच्या घरी एकदा दुपारी वॉटर प्युरिफायर विकणारा मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग, बोलणं गोड. आईकडून त्याने दोन ग्लास मागून घेतले. एकात नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं 'मशीनचं' पाणी. मग बॅगेतून चार सळयांचं एक यंत्र काढलं, दोन-दोन सळया एकेका ग्लासात सोडल्या आणि पिन बोर्डात खोचली. मिनिटभरात नळाचं पाणी आधी हिरवट झालं, मग तांबूस, मग गढूळ चोथा वर तरंगायला लागला. दुसरा ग्लास जवळजवळ तसाच.

"काकू, हे तुमच्या पोटात जाते रोज," तो म्हणाला.

आईचा चेहरा उतरला. "बापा, हे पानी पेतो आपून?"

मशीन हप्त्यावर घेतलं गेलं. बाबांनी सही केली. मी तिथेच खाटेवर बसलो होतो, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय रसायनशास्त्र. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी 2, 8, 1 सांगितलं असतं. त्या ग्लासात काय चाललंय, हे मात्र कळलं नाही.

ते कळलं महिन्याभराने. तो चोथा पाण्यात नव्हताच, तो सळईतून आला होता. लोखंडाची सळई पाण्यात ठेवून वीज सोडली की लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि पाण्यात उतरतात. तिथे त्यांचं हायड्रॉक्साइड होतं, हवेतल्या ऑक्सिजनने ते तांबूस पडतं. ओळखीचाच गंज, फक्त घाईत बनवलेला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज नीट वाहत नाही, म्हणून लोखंड उतरत नाही, म्हणून ग्लास स्वच्छ. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही ग्लास तांबडा झाला असता. यात दहावीच्या पलीकडचं काहीही नाही.

माझा राग त्या मुलावर नाही. त्याला टार्गेट असेल, आणि त्याला स्वतःलाही हे माहीत नसेल. राग आहे तो मला ज्या पद्धतीने रसायनशास्त्र शिकवलं गेलं तिच्यावर. आणि 'पुस्तकं वाईट आहेत' ही सोपी तक्रार मी करणार नाही. बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात 'अणूचे अंतरंग' हा धडा आहे, नववीच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप'. अकरावीचं रसायनशास्त्र मूलभूत संकल्पनांपासूनच सुरू होतं. क्रम ठीक आहे. पण वर्गात त्याचं होतं काय? डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर ही नावं एसटीच्या थांब्यांसारखी पाठ करायची. रदरफोर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून पडद्यावरचे ठिपके एकेक मोजत बसले होते आणि हजारोंत एखादाच कण उलटा फिरतो हे त्या मोजणीतून हाती आलं, हे कोणी सांगत नाही. अणूच्या आत केंद्रक आहे हे माणसाला मोजल्यामुळे कळलं. आपण मोजणी गाळून केंद्रक तेवढं ठेवलं.

फसवणुकीचा हा नमुना अडीचशे वर्षं जुना आहे, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. अठराव्या शतकात अनेक शहाण्या लोकांची खात्री होती की पाणी खूप उकळलं की त्याची माती होते. काचेच्या भांड्यात पाणी आटवा, तळाशी पांढरी पूड दिसतेच! लाव्हाझिएने काय केलं? बंद काचपात्रात त्याने पाणी 101 दिवस तापवत ठेवलं. आधी पात्राचं वजन, पाण्याचं वजन. नंतर पुन्हा पात्राचं, पाण्याचं आणि पुडीचं. पाण्याचं वजन बदललं नव्हतं. पात्राचं घटलं होतं, आणि घट पुडीच्या वजनाच्या जवळपास होती. माती पाण्यातून आली नव्हती, काचेतून आली होती. 1770 साली त्याने हे मांडलं. आमच्या घरातला प्रयोग तोच होता, फक्त काचेच्या जागी सळई होती आणि तराजू नव्हता.

सळया आधी आणि नंतर सराफाच्या काट्यावर ठेवल्या असत्या तर? अर्धा अँपिअर प्रवाह मिनिटभर वाहिला तर साधारण 9 मिलिग्रॅम लोखंड उतरतं. किराणा दुकानाच्या काट्याला ते कळणार नाही, पण मिलिग्रॅम दाखवणारे काटे सोन्याच्या दुकानात असतात. म्हणजे तपासायची सोय गावातच होती. आमच्या गावाच्या नावात बाजार आहे. कापूस मोजताना इथली म्हातारी माणसं काट्यावरून नजर हलू देत नाहीत. मोजमापाची अक्कल आमच्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यायला शिकवलं जातं, एवढंच.

मोलचंच बघा. पोरं त्याला घाबरतात, क्लासवाले दोन दिवसांत 'ट्रिक' देऊन मोकळे होतात. आमच्याकडे संत्र्याचा सौदा हजारावरही होतो आणि टनावरही. एक फळ सरासरी 150 ग्रॅमचं धरलं तर हजार फळं 150 किलो, आणि टनात सुमारे 6,667 फळं. वजन करून नग काढायचे, नग मोजून वजन काढायचं. मोल म्हणजे हेच. फक्त फळ इतकं बारीक की हजाराऐवजी 6.02214076 × 10²³ चा गठ्ठा धरावा लागतो. 20 मे 2019 पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केला आहे. बागवानाच्या पोराला हे पाच मिनिटांत कळतं. त्याला संत्रं दाखवायचं सोडून आपण त्याला सूत्र दाखवतो.

आता कोणी म्हणेल, पाण्याच्या मशीनने फार तर पैसे गेले, त्यात एवढं काय. मग शेतात चला.

बाबा फवारणीचं औषध बाटलीच्या झाकणाने मोजायचे. 'दोन झाकणं पंपाला.' एका सुट्टीत मी घरातली दोन कंपन्यांची झाकणं घेतली आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाने पाणी भरून पाहिलं. एकात 11 मिली बसलं, दुसऱ्यात 17. लिटरला 2 मिली असं लिहिलं असेल तर 16 लिटरच्या पंपाला 32 मिली लागतं. पहिल्या झाकणाने कमी पडतं, दुसऱ्याने जास्त होतं. कमी पडलं की कीड मरत नाही, मग पुढच्या वेळी माणूस अंदाजाने तीन टाकतो. बाटलीवरचा '36 टक्के' हा आकडा कशाचा, हे गावात कोणाला विचारा. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा हे लेबलवरचे त्रिकोण विषारीपणाची उतरती पायरी दाखवतात, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही.

2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हा 'शेतकऱ्यांनी मास्क घातले नाहीत' असं म्हणून बरेच जण मोकळे झाले. मला ते तेव्हाही नीच वाटलं, आजही वाटतं. माप चुकलं म्हणून ते गेले असं मी म्हणत नाही. विकणारे होते, परवानगी देणारे होते, तेही बघायला हवेत. पण अशी कीटकनाशकं कातडीतूनही आत जातात, हे ज्याच्या पाठीवर पंप गळतो त्यालाच माहीत नसेल, तर त्याच्या पोराच्या वहीतल्या 2, 8, 1 चा उपयोग काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पोरांना नीट काढायची आहे, 180 प्रश्नांत 45 रसायनशास्त्राचे, प्रयोग करत बसायला वेळ कुठे?' ठीक आहे. पण परीक्षेला बसणाऱ्यांतले बहुतेक डॉक्टर होत नाहीत. ते इथेच राहतात, पाणी पितात, औषध फवारतात, मशीन विकत घेतात. त्यांच्या वाट्याला काय आलं?

एक खुलासा. आरओ सरसकट फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. दर्यापूर-भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात ज्याने विहिरीचं पाणी तोंडात घेतलंय, त्याला क्षार काढणं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. प्रश्न आपल्याच घरात मशीन लागतं का, हा आहे. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस निघाला 412. म्हणजे लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी क्षार. भारतीय मानकात 500 पर्यंत चालतं. शिवाय हातातला टीडीएस मीटर क्षार तोलत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते बघून अंदाज सांगतो. त्यात मीठ आहे की फ्लोराइड, हे त्याला कळत नाही. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक राहत नाही, आणि दीड मिलिग्रॅमने मीटरचा आकडा हललेला दिसणारही नाही. जंतू तर तो मोजतच नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा दोन खिळे, तारा आणि 9 व्होल्टची बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात बसलो. (घरच्या बोर्डात असले उद्योग करू नका.) मशीनचं पाणी ग्लासात घेतलं, खिळे सोडले. काही नाही. मग आईला म्हटलं, तुझ्या हाताने मीठ टाक. तिने चिमूट टाकली. थोड्या वेळात बुडबुडे आले, मग एका खिळ्याभोवती हिरवट, मग तांबूस ढग. तिने खिळा बाहेर काढून बोटाने पुसला, बोट पाहिलं.

"म्हंजे लोखंडाचंच होतं ते?"

"हो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पन तू तं तिथंच बसला होता. मंग तवा काऊन नाई बोलला?"